मिहिर विराणी नावाचे पात्र

मराठी समीक्षेत ‘पात्र’ हा शब्द इतक्या सवयीने वापरला जातो की त्याच्या पोटातली विसंगती सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. पात्र म्हणजे भांडे. ज्यात काही ओतले जाते ते. संस्कृत नाट्यविचारात हा शब्द प्रामुख्याने नटाकडे निर्देश करतो. भूमिका धारण करतो तो पात्र, आणि तो रंगभूमीवर येतो तेव्हा होतो तो पात्रप्रवेश. आधुनिक मराठीत हा शब्द नटाकडून सरकत सरकत भूमिकेवर येऊन स्थिरावला. इतका की जिथे नट मुळीच नसतो त्या कादंबरीतही पात्रे असतात. म्हणजे पूर्वी ज्याला भांडे म्हणत त्याला आता कोणी पात्र म्हणत नाही, आणि त्या भांड्यातल्या द्रव्यालाच पात्र म्हटले जाते. त्यात पुन्हा नदीलाही पात्र असते. तिथे पाणी वाहून जाते आणि पात्र राहते. नाटकाच्या किंवा कादंबरीच्या चर्चेत ही संदिग्धता निभावून जाते. दूरचित्रवाणीवरील दैनंदिन मालिकेत मात्र ती निभावत नाही, कारण तिथे एखाद्या सोमवारी तेच नाव, तेच घर, तीच बायको आणि तीच मुले घेऊन एक निराळाच माणूस जिन्यावरून उतरतो आणि घरातले सगळे त्याच्याशी आदल्या भागातले बोलणे पुढे चालू ठेवतात.

‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ ही मालिका स्टार प्लस वाहिनीवर ३ जुलै २००० रोजी सुरू झाली आणि ६ नोव्हेंबर २००८ रोजी संपली. बालाजी टेलिफिल्म्सची ही निर्मिती १८३३ भागांपर्यंत चालली. मुंबईतल्या एका गुजराती विराणी कुटुंबाचे हे आख्यान. त्यातील कर्ता मुलगा आणि पुढे कर्ता पुरुष मिहिर हे पात्र ह्या आठ वर्षांत तीन नटांनी वठवले: आरंभी अमर उपाध्याय, मग थोड्या काळासाठी इंदरकुमार आणि त्यानंतर मालिका संपेपर्यंत रोनित रॉय. मिहिरच्या पत्नीची, तुलसीची भूमिका स्मृती इराणी ह्यांनी केली. २००७ मध्ये त्या मालिकेतून बाहेर पडल्या, त्यांच्या जागी गौतमी कपूर आल्या, आणि २००८ मध्ये मालिका संपण्यापूर्वी इराणी परतल्या. एवढा तपशील त्या काळात हिंदी न जाणणाऱ्या घरांतही ठाऊक होता. समीक्षेला तो ठाऊक असूनही विचारात घेण्याजोगा वाटला नाही. नायक बदलला तरी ज्यांना फरक पडत नाही असा प्रेक्षकवर्ग, अशी एक थट्टा मात्र सुशिक्षित वर्तुळांत बरीच वर्षे चालू होती.

ही थट्टा वरवरची आहे. नट बदलला आणि भूमिका तीच राहिली ह्यात मराठी माणसाला नवल वाटण्याचे कारण नाही. वि. वा. शिरवाडकरांचे ‘नटसम्राट’ १९७० साली रंगभूमीवर आले तेव्हा अप्पासाहेब बेलवलकर श्रीराम लागू होते. पुढे दत्ता भट, सतीश दुभाषी, यशवंत दत्त असे निरनिराळे अप्पासाहेब मराठी प्रेक्षकाने पाहिले, आणि त्यांची तुलना करणे ही आस्वादाचीच एक रीत मानली. कोणता अप्पासाहेब खरा, असा प्रश्न कोणाला पडला नाही. कोणता चांगला, एवढाच पडला. कारण अप्पासाहेबांचे अस्तित्व ज्या संहितेत आहे ती संहिता नटाच्या आधीची आहे आणि नट गेल्यावरही ती उरते. नाटक दर प्रयोगाला पुन्हा पहिल्या अंकापासून सुरू होते. नवा नट जुन्या नटाच्या आयुष्यात शिरत नाही, तो शिरवाडकरांच्या वाक्यांत शिरतो.

मालिकेत अशी संहिता नसते. जी असते ती आदल्या आठवड्यात, कधी कधी आदल्या रात्री लिहिलेली असते, आणि चित्रीकरण झाल्यावर तिला कोणी विचारत नाही. मिहिर विराणी कोण, ह्याचा पुरावा म्हणून दाखवता येईल असे एकही पुस्तक नाही. जे प्रक्षेपित झाले तेवढेच त्याचे चरित्र, आणि जे प्रक्षेपित झाले ते एका विशिष्ट चेहऱ्याचे, विशिष्ट आवाजाचे, मान वळवण्याच्या विशिष्ट लकबीचे होते. नाटकातील भूमिका नटाला मिळते. मालिकेतील भूमिका नटाच्या अंगावर वाढते. म्हणून मालिकेतील बदलीला रंगभूमीवरील बदलीचा न्याय लावता येत नाही. नव्या मिहिरला नवा प्रयोग मिळत नाही, त्याला चालू संसार मिळतो.

श्रीशंकुकाने नाट्यप्रतीतीचे स्वरूप सांगताना चित्रतुरगाचा दृष्टांत दिला तो प्रसिद्धच आहे. चित्रातील घोडा पाहून ‘हा घोडा’ असे ज्ञान होते. ते सम्यक् ज्ञान नव्हे, मिथ्याज्ञान नव्हे, संशयही नव्हे आणि सादृश्यज्ञानही नव्हे. नटाच्या ठायी होणारी ‘हा राम’ ही प्रतीती तशीच, ह्या चारही प्रकारांहून वेगळी. शंकुकाची ही मांडणी अभिनवगुप्ताने खोडली, हा भाग वेगळा. तिची ताकद अशी की प्रेक्षक फसत नाही आणि तरीही अविश्वास करीत नाही, ही मधली अवस्था तिने नेमकी पकडली. आता ह्या चित्रात एका रात्रीत दुसरा घोडा रंगवला तर काय होते? पहिल्या काही भागांत प्रेक्षकाला नेमक्या त्याच चार ज्ञानांच्या वाटेने जावे लागते, ज्यांच्यापासून शंकुकाने नाट्यप्रतीती वेगळी काढली होती. हा मिहिर आहे की नाही, असा संशय येतो. हा मिहिरसारखा बसतो पण तसा हसत नाही, अशी तुलना होते. हा मिहिर नव्हेच, असा निषेध होतो. आणि मग, एखाद्या महिन्याने, केव्हा ते कोणालाच सांगता येत नाही, ही चारही ज्ञाने गळून पडतात आणि ‘हा मिहिर’ एवढे उरते. नाट्यप्रतीती कशी घडते हे रंगभूमीवर दिसत नाही, कारण तिथे ती पडदा उघडताच सिद्ध असते. मालिकेतील बदलीत ती मोडून पुन्हा जुळताना दिसते. काव्यशास्त्राच्या अभ्यासकाला ह्याहून उघडे उदाहरण मिळणे कठीण.

वेदान्ताच्या पाठशाळेत ‘हाच तो देवदत्त’ हे वाक्य शिकवतात. ‘तो’ म्हणजे पूर्वी दुसऱ्या ठिकाणी पाहिलेला, ‘हा’ म्हणजे आज इथे असलेला. दोहोंतील स्थळकाळाचे विशेष परस्परविरोधी आहेत, म्हणून ते वगळायचे आणि निखळ देवदत्त तेवढा घ्यायचा. मालिकेचा प्रेक्षक ह्यापुढची पायरी चढतो. तो स्थळकाळ ठेवतो आणि देवदत्ताचे शरीरच वगळतो. मग उरते काय? रोलाँ बार्थने १९७० च्या ‘एस/झेड’मध्ये दिलेले उत्तर असे की पात्र म्हणजे एका विशेषनामाभोवती गोळा झालेले अर्थघटक, तेच घटक पुन्हा पुन्हा एकाच नावाशी येऊन चिकटले की पात्र तयार होते. ‘मिहिर’ हे नाव, ‘विराणी’ हे आडनाव, ‘शांतिनिकेतन’ हे घर, बांचा नातू, सविताचा मुलगा, तुलसीचा नवरा. चेहरा हा त्यातला केवळ एक घटक ठरतो, आणि एक घटक काढला म्हणून गठडी सुटत नाही. नामरूपाच्या जोडीतले नाम टिकाऊ आणि रूप बदलते, ही कल्पना ज्या प्रेक्षकाच्या कानावर कीर्तनांतून पिढ्यान्‌पिढ्या पडत आली त्याला बार्थ वाचण्याची गरज पडली नसावी.

परंतु हे उत्तर पुरेसे नाही, आणि ते का पुरेसे नाही हे खुद्द मालिकेनेच दाखवून दिले आहे. सुरुवातीच्या काळात मिहिर अपघातात मरण पावल्याचे दाखवले गेले. प्रेक्षकांत त्याचे इतके तीव्र पडसाद उमटले की कथानक फिरले आणि मिहिर परतला. पण परतला तो स्मृती हरवून. मंदिरा नावाच्या डॉक्टर स्त्रीने त्याला वाचवले होते आणि तो तिच्या सोबतीने नवे आयुष्य जगत होता. इथे शरीर तेच होते, अमर उपाध्याय तेच होते. फक्त तुलसीची ओळख पुसली गेली होती. दुष्यंताचीच ही कथा, अंगठीवाचून सांगितलेली. पुढे नट बदलला तेव्हा नेमके उलटे झाले. शरीर परके आले आणि स्मृती सगळी शाबूत राहिली. तत्त्वज्ञानाचे अध्यापक व्यक्तीची ओळख शरीरात की स्मृतीत हा प्रश्न शिकवताना कल्पित उदाहरणे रचतात. ह्या मालिकेने एकाच पात्रावर दोन्ही प्रयोग करून पाहिले, तेही व्यावहारिक अडचणीपोटी, कसलाही सैद्धांतिक हेतू न ठेवता. आणि दोन्ही वेळा प्रेक्षकाने मिहिरला मिहिर मानले. स्मृती नसलेल्या शरीरालाही मानले आणि शरीर नसलेल्या स्मृतीलाही. तेव्हा ओळखीचा आधार ह्या दोहोंपैकी एकातही नसणार.

तो कुठे आहे हे दक्षिण महाराष्ट्रातील तालुक्याच्या एका गावी, एका घरातील वृद्ध स्त्रीने बोलून दाखवले होते. तिची सून महाविद्यालयात काव्यशास्त्र शिकवीत असे. सासूला हिंदी बेताचेच समजे. रात्री साडेदहाच्या मालिकेत ती शब्दांपेक्षा चेहरे वाचीत असे, आणि जे निसटे ते सुनेला विचारून घेई. नवा मिहिर आला त्या आठवड्यात सुनेने, थोडे थट्टेने, विचारले, “आई, हा तर निराळाच माणूस आहे. तुम्हाला चालतं कसं?” म्हातारी पडद्यावरची नजर न काढता म्हणाली, “असू दे की. तुलसी त्याला मिहिर म्हणते आहे ना? तिला कळत नसेल होय, आपला नवरा कुठला ते?”

ह्या वाक्यात बार्थच्या पुढचे काही आहे. नाव टिकते, पण ते आपोआप टिकत नाही. ते कोणीतरी हाक मारून टिकवावे लागते. मिहिर म्हणजे ज्याला तुलसी मिहिर म्हणून पाहते तो. ह्या मालिकांच्या ज्या तंत्राची सर्वाधिक टिंगल झाली ते तंत्र इथे आठवावे. घरात काही घडले की कॅमेरा एकामागून एक प्रत्येकाच्या चेहऱ्यावर जातो, पार्श्वसंगीताचा तडाखा बसतो, तोच चेहरा दोनदा-तीनदा झटक्याने जवळ येतो. कृती दोन क्षणांची आणि तिच्या साक्षीदारांचे चेहरे दोन मिनिटांचे. रॉबर्ट ॲलन ह्यांनी १९८५ च्या ‘स्पीकिंग ऑफ सोप ऑपेराज’ ह्या अभ्यासात अमेरिकन मालिकांबद्दल दाखवले होते की तिथे घटनेला स्वतःचे वजन फारसे नसते. ती कोणाकोणाला कळते आणि त्या कळण्याने नात्यांच्या जाळ्यात कुठे कुठे ओढ बसते, ह्यात अनुभवी प्रेक्षकाचे वाचन गुंतलेले असते. बालाजीच्या मालिकांनी हे जाळे अक्षरशः चेहऱ्यांच्या रांगेत मांडले. नवा मिहिर दारात उभा राहतो आणि कॅमेरा त्याच्यावर फार थांबत नाही. तो बांकडे जातो, सविताकडे जातो, शेवटी तुलसीकडे जातो आणि तिथे थांबतो. ही साक्ष घेण्याची पद्धत आहे. ज्याला हास्यास्पद अतिरेक म्हटले गेले त्याच यंत्रणेवर पात्राचे सातत्य उभे होते. अमेरिकेतील दिवसा चालणाऱ्या मालिकांत अशा वेळी निवेदकाचा आवाज सांगून टाकी की अमक्याची भूमिका आता अमुक करीत आहे. त्या एका कोरड्या वाक्याने काम भागे. इथे ते काम घरातल्या माणसांना करावे लागले.

आणि घरातल्या माणसांना ते नवे नव्हते. ह्या मालिकेच्या प्रेक्षकवर्गात मोठा भाग अशा स्त्रियांचा होता ज्यांचे स्वतःचे नाव लग्नात, तांदळाच्या ताटात अंगठीने लिहून, बदलले गेले होते. त्यांच्या बाबतीत शरीर तेच राहिले होते आणि पात्र बदलले होते. वर म्हटलेली वृद्ध स्त्री दुसरेपणावर दिलेली होती. देवघरात आधीच्या बायकोचा टाक होता, सणावारी त्याला नैवेद्य दाखवण्याचे काम तिच्याकडेच होते, आणि पहिलीचा चार वर्षांचा मुलगा काही दिवस तिला काहीच हाक न मारता एके दिवशी ‘आई’ म्हणाला होता. घरात एक जागा असते, ती रिकामी होते, तिच्यावर दुसरे माणूस येऊन बसते, आणि बाकीच्यांनी हाक मारली की ते त्या जागेचे होते. हे तिला कोणत्याही मालिकेने शिकवले नव्हते. माप ओलांडून येणारी सून आणि जिन्यावरून उतरणारा नवा मिहिर ह्यांत तिला दिसलेले साम्य समीक्षेला दिसले नाही. कारण समीक्षेने असा प्रेक्षक भाबडा आहे हे आधीच गृहीत धरले होते. तो भाबडा नव्हता. व्यक्ती आणि तिची जागा ह्यांतले अंतर तो चांगले जाणून होता, आणि ते अंतर मिटवायला लोकांनी काय काय करावे लागते तेही जाणून होता.

म्हणूनच २००७ मध्ये तुलसी बदलली तेव्हा झालेली पंचाईत वेगळ्या जातीची होती. गौतमी कपूर ह्या जाणकार अभिनेत्री. त्यांच्या कामात उणे काढण्याचा प्रश्न नाही. प्रश्न असा की ज्या नजरेने आजवर प्रत्येक नव्या माणसाला घरात घेतले होते ती नजरच आता नवी होती. शीर्षकदृश्यात विराणींच्या घराचे दार उघडून प्रेक्षकाचे स्वागत करणारी आणि घरातल्या माणसांची ओळख करून देणारी तुलसीच होती. दार उघडणारीलाच दाराबाहेरून आणायचे, तर दार उघडायचे कोणी? मिहिर दोनदा बदलू शकला कारण तुलसी तीच होती. तुलसीला ओळखण्याइतके वजन मिहिरच्या नजरेत नव्हते; तो स्वतःच तिसरा होता. त्याच घरात त्याच वृद्ध स्त्रीने तेव्हा म्हटले, “बाई चांगली आहे. पण सगळ्यांना ओळखणारी तीच. तिला आता कोण ओळखायचं?” ती मालिका पाहत राहिली, मात्र सुनेला मधे मधे काही विचारणे तिने सोडून दिले. त्या वर्षांत मालिकेची लोकप्रियता ओसरत होती, आणि त्यामागे इतरही पुष्कळ कारणे होती. एका बदलीवर सगळा भार टाकणे रास्त होणार नाही. तरी ‘डॅलस’ ह्या अमेरिकन मालिकेचे उदाहरण आठवल्याखेरीज राहत नाही. तिथेही युइंग घराची आई, मिस एली, १९८४–८५ च्या हंगामात बदलली गेली. बार्बरा बेल गेडीस ह्यांच्या जागी डॉना रीड आल्या, आणि पुढच्याच हंगामात बेल गेडीस परतल्या. मुलगा, जावई, पुतण्या बदलता येतो. घराची आई बदलायला गेले की घरच संशयास्पद होते.

कोणी म्हणेल की ‘बालिका वधू’त आनंदीही बदलली. अविका गोर, मग २०१० पासून प्रत्युषा बॅनर्जी, मग २०१३ पासून तोरल रासपुत्रा, आणि मालिका २०१६ पर्यंत चालली. परंतु पहिला बदल वयाचा होता. बालपणीचा नट आणि मोठेपणीचा नट वेगळे असण्याचा संकेत सर्वमान्य आहे. दुसऱ्या बदलाच्या वेळी आनंदीभोवतीचे घर जागच्या जागी होते, आणि त्या मालिकेत ओळखीची किल्ली आनंदीपेक्षा तिच्या सासरच्या वडीलधाऱ्या स्त्रियांकडे अधिक होती. मराठीत ‘माझ्या नवऱ्याची बायको’मधील शनायाचे उदाहरण आणखी सोपे आहे. रसिका सुनील, २०१८ मध्ये ईशा केसकर आणि २०२० मध्ये पुन्हा रसिका सुनील. शनाया कोण हे राधिकाच्या संतापावरून ठरत होते, आणि राधिका अनिता दातेच होत्या.

ह्या सगळ्याला छेद देणारे एक उदाहरण ‘क्योंकि’तच आहे. तुलसीने आपल्या मुलाला, अंशला, स्वतःच्या हाताने गोळी घातली. अंशची भूमिका करणारे आकाशदीप सेहगल पुढे त्याच मालिकेत अंशचा मुलगा एकलव्य म्हणून परतले. म्हणजे तिथे नाव बदलले आणि चेहरा तोच राहिला. प्रेक्षकाने हेही स्वीकारले. मुलगा बापाच्या तोंडावळ्याचा असतोच. पण ज्या तुलसीने तो चेहरा एकदा संपवला होता तिला तो रोज समोर पाहावा लागणे, ह्या कल्पनेतली शक्यता लेखकांनी पुरती वापरली नाही. एखाद्या चांगल्या नाटककाराने त्यावर अख्खा अंक रचला असता.

आतापर्यंत प्रेक्षकाच्या बाजूने बोलणे झाले. नटाच्या बाजूने पाहिले तर चित्र इतके लोभस नाही. ज्या व्यवस्थेत पात्र नटाच्या अंगावर वाढते त्याच व्यवस्थेत ते नटाचे नसते; ते निर्मात्याचे आणि वाहिनीचे असते. नट तारखा देऊ शकला नाही, मानधनाचा प्रश्न आला, त्याला चित्रपटात जावेसे वाटले, तरी उद्याचा भाग उद्याच जायचा असतो. रंगभूमीवर बदली नट प्रयोग पुढे नेतो तेव्हा मूळ नटाचे नाव नाटकाच्या इतिहासात राहते. मालिकेत नव्या नटाची पहिली जबाबदारीच ही की आधीचा कोणी होता हे विसरायला लावणे. इंदरकुमार २८ जुलै २०१७ रोजी वारले. त्यांच्या वाट्याला आलेला मिहिर इतका थोडा होता की पुष्कळांना तो आठवावा लागतो. दोन दीर्घ मिहिरांमधला एक सांधा. पण तो नसता तर दुसरा बदल इतक्या सहज झाला असता का, हे विचारण्याजोगे आहे. पहिल्या बदलीने मिहिरचा चेहरा बदलू शकतो हे मान्य करवून घेतले. तिसऱ्याला ती मान्यता आयती मिळाली. रोनित रॉय ह्यांनी मग त्या जागेत पोक्तपणा आणला, मोठ्या झालेल्या मुलांचा बाप होण्याचे वजन आणले, आणि मिहिरच्या चरित्रातला सर्वांत लांब पल्ला त्यांच्या चेहऱ्याने पार पडला.

२९ जुलै २०२५ रोजी ‘क्योंकि’चे नवे पर्व सुरू झाले. तुलसी स्मृती इराणी आणि मिहिर अमर उपाध्याय. मधल्या काळात इराणी केंद्रीय मंत्री झाल्या होत्या, २०२४ मध्ये अमेठीची निवडणूक हरल्या होत्या. तरी ‘तुलसी’ हे नाव त्यांच्यामागून पुसले गेले नव्हते, आणि राजकारणात ते कौतुकाने जितके घेतले गेले तितकेच टोचून बोलण्यासाठीही. बांची भूमिका करणाऱ्या सुधा शिवपुरी २०१५ मध्येच गेल्या होत्या. परतलेल्या मिहिरचे बहुतेकांनी स्वागत केले: मूळचा मिहिर आला, खरा मिहिर आला. ‘खरा’ हे विशेषण लावण्याची गरज पडली, ह्यातच गोम आहे. वर मांडलेल्या विवेचनाप्रमाणे तुलसीची साक्ष पुरेशी असायला हवी होती. तुलसी तीच आहे, ती त्याला मिहिर म्हणते आहे. पण ह्या खेपेला जे वगळायचे होते ते परके शरीर नव्हते. वगळायची होती ती सहा वर्षे, ज्या वर्षांत दुसऱ्या एका माणसाने हा संसार केला होता. पडद्यावरच्या मिहिरच्या आठवणीत अंशचा मृत्यू आहे. त्या चेहऱ्याने तो पाहिलेला नाही.

त्या तालुक्याच्या गावी आता सून निवृत्त झाली आहे आणि सासू हयात नाही. नव्या पर्वाचा पहिला भाग तिने मुलीबरोबर पाहिला. मुलगी मूळ मालिकेच्या उत्तरार्धात पाच-सात वर्षांची होती आणि आजीच्या मांडीवर अर्धवट झोपेत तिने रोनित रॉयचाच मिहिर पाहिला होता. दुसरा कोणी मिहिर असतो हे तिच्या गावीही नव्हते. ती म्हणाली, “आई, हे मिहिर नाहीत.” आईने सासूचा युक्तिवाद पुढे केला. तुलसी त्याला ओळखते आहे, मग आपण कोण नाही म्हणणार? मुलगी म्हणाली, “तुलसी ओळखत असेल. आजी त्यांना ओळखायची, ह्यांना नाही.”

काव्यशास्त्राच्या निवृत्त अध्यापिकेला आठवले की सासूने अमर उपाध्यायचा मिहिरही पाहिला होता; तो अपघातात गेल्याचे दाखवले त्या रात्री ती जेवली नव्हती. मुलीचा तेव्हा जन्मही झाला नव्हता. हे तिला सांगावे की नाही, असा विचार करीपर्यंत जाहिराती संपल्या होत्या.